टेबलचे कॉलम हव्या त्या क्रमाने सॉर्ट करणं: जावास्क्रिप्टमधली पायरी-पायरीची पद्धत

हेडरवर क्लिक केलं, ओळी हलल्या, बाणही फिरला, आणि तरी क्रम चुकलेलाच. ९ च्या आधी १०० आलेत, रिकामे सेल सगळ्यात वर जाऊन बसलेत, आणि प्राधान्याचा कॉलम ‘कमी, मध्यम, जास्त’ असा लागण्याऐवजी ‘कमी, जास्त, मध्यम’ असा लागलाय. अशा वेळी बहुतेक जण सॉर्टच्या फंक्शनमध्ये फेरफार करत बसतात. चूक सहसा त्याच्या आधीच झालेली असते: सेलमध्ये दिसणारा मजकूर जसाच्या तसा तुलनेला दिलेला असतो. माणसाला वाचायला लिहिलेली गोष्ट आणि मशीनने तुलना करायची गोष्ट या दोन वेगळ्या ठेवल्या की निम्म्याहून जास्त अडचणी तिथेच मिटतात. पुढची सगळी पद्धत याच पायावर उभी आहे.

टॅग, मेथड आणि ॲट्रिब्यूटची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. कोडमध्ये ती नेहमीच्या स्पेलिंगनेच लिहायची.

## कोड लिहिण्याआधी

कागद घ्या आणि टेबलमधल्या प्रत्येक कॉलमपुढे त्याचा प्रकार लिहा. उदाहरणासाठी फाइलींची यादी दाखवणारं टेबल धरू:

- नाव: मजकूर
- आकार: दिसायला ‘७०० एमबी’, ‘१.५ जीबी’, तुलना मात्र बाइटमध्ये
- बदललेली तारीख: दिसायला ‘५ मार्च २०२४’, तुलना वर्ष-महिना-दिवस या क्रमाने
- आवृत्ती: ‘१.९.०’, ‘१.१०.०’, तुलना एकेका भागाची
- प्राधान्य: तुम्ही ठरवलेला क्रम, अक्षरांशी संबंध नाही
- लांबी: दिसायला ‘१:०५:३०’, तुलना सेकंदांत

मग चार गोष्टी ठरवून टाका. रिकामे सेल कुठे जाणार? (शेवटी, आणि दोन्ही दिशांना शेवटीच. वाचणाऱ्याला रिकामे सेल आधी बघायचे नसतात.) पहिल्या क्लिकला कोणती दिशा? नावासाठी चढती ठीक, पण तारखेला आणि आकाराला लोकांना बहुधा नवीन किंवा मोठं आधी हवं असतं. तिसऱ्या क्लिकला मूळ क्रम परत आणायचा का? आणि ‘अनुक्रमांक’ असा कॉलम असेल तर तो ओळीबरोबर हलणार की जागेवर राहणार?

थांबा आणि पाहा: टेबलच्या सगळ्या ओळी पानावर आहेत का? एका वेळी ५० ओळी दाखवून बाकीच्या सर्व्हरवर असतील, तर पानावरच्या ५० ओळी सॉर्ट करणं म्हणजे वाचणाऱ्याची दिशाभूल आहे. ‘सर्वात मोठी फाइल’ म्हणून त्याला त्या ५० मधली मोठी दिसेल. अशा टेबलला सॉर्टिंग सर्व्हरकडूनच करून घ्या. तसंच, टेबल रिॲक्ट किंवा व्ह्यूसारखं फ्रेमवर्क काढत असेल तर डॉममधल्या (ब्राउझरने मेमरीत ठेवलेल्या पानाच्या रचनेतल्या) ओळी हाताने हलवू नका. डेटाचा ॲरे सॉर्ट करा आणि काढायचं काम फ्रेमवर्कवर सोडा. ‘की’ (ओळीची तुलनेसाठीची किंमत) काढणं आणि तुलना यांच्या खालच्या पायऱ्या तिथेही जशाच्या तशा लागू होतात.

## पायरी १: टेबलची रचना

हेडरची ओळ टीहेडमध्ये, डेटा टीबॉडीमध्ये, बेरजेची ओळ टीफूटमध्ये. बेरजेची ओळ टीबॉडीत राहिली तर तीही सॉर्ट होऊन मध्येच कुठेतरी जाऊन बसते.

हेडरच्या प्रत्येक टीएचला ‘स्कोप’ ॲट्रिब्यूटची किंमत ‘कॉल’ द्या आणि त्याच्या आत खरंखुरं बटन ठेवा. टीएचवरच क्लिक बसवला तर माउसने चालतं, पण टॅब दाबत येणारा माणूस तिथे पोहोचूच शकत नाही. बटनाला ‘टाइप’ म्हणून ‘बटन’ आवर्जून लिहा. टेबल एखाद्या फॉर्मच्या आत असेल आणि टाइप लिहिलेला नसेल, तर ते बटन सबमिटचं धरलं जातं आणि सॉर्टच्या क्लिकला फॉर्म रवाना होतो.

प्रत्येक टीएचवर ‘डेटा-टाइप’ असं ॲट्रिब्यूट लावून त्यात प्रकार लिहा: मजकूर, संख्या, तारीख, क्रम. जावास्क्रिप्टने सेल पाहून प्रकाराचा अंदाज बांधावा ही कल्पना मोहक आहे, पण टाळा. पहिले तीन सेल रिकामे निघाले किंवा एखाद्या नावाच्या जागी नुसता आकडा आला की अंदाज फसतो, आणि तोही अधूनमधून फसतो, त्यामुळे सापडत नाही.

दिसणारा मजकूर आणि तुलनेची किंमत जिथे वेगळी आहे तिथे टीडीवर ‘डेटा-सॉर्ट-व्हॅल्यू’ लावा. ‘१.५ जीबी’ दिसणाऱ्या सेलवर बाइटचा नुसता आकडा, ‘५ मार्च २०२४’ वर ‘२०२४-०३-०५’. या ॲट्रिब्यूटमधले आकडे इंग्रजीच ठेवा. कारण पुढच्या पायरीत आहे. टेबल सर्व्हरवर तयार होत असेल तर ही किंमत तिथेच भरणं सगळ्यात बिनधोक, कारण मूळ आकडा तिथे हातात असतो.

सावधान: सेलचा मजकूर नंतर कोडने बदलत असाल तर हे ॲट्रिब्यूटही त्याच वेळी बदला. नाहीतर सेलमध्ये नवा आकडा दिसतो आणि सॉर्ट जुन्यावर होतो.

सावधान: टीबॉडीमध्ये रोस्पॅन (अनेक ओळींवर पसरलेला सेल) असेल तर ओळी हलवता येत नाहीत, टेबल विस्कटतं. कोलस्पॅनमुळे (अनेक कॉलमांवर पसरलेल्या सेलमुळे) वेगळीच गोची होते. सेलचा ‘सेलइंडेक्स’ त्या ओळीतला कितवा सेल एवढंच सांगतो, कितवा कॉलम ते नाही. हेडरमध्ये कोलस्पॅन असेल तर त्याच्या उजवीकडचे सगळे हेडर भलताच कॉलम सॉर्ट करतात.

## पायरी २: प्रत्येक ओळीची सॉर्ट की काढणं

ओळी घेताना ‘टीबॉडीज’ मधल्या पहिल्या टीबॉडीच्या ‘रोज’ घ्या. टेबलच्या ‘रोज’ मध्ये हेडर आणि बेरीजही येतात. सगळे टीआर सिलेक्टरने गोळा केले तरी तेच होतं, वर सेलमध्ये आतलं टेबल असेल तर त्याच्याही ओळी येतात. ‘रोज’ हा ॲरे नसतो, त्याला सॉर्ट ही मेथडच नाही, म्हणून ‘ॲरे.फ्रॉम’ ने खरा ॲरे बनवा.

आता या ॲरेतल्या प्रत्येक ओळीसाठी तीन गोष्टींचं एक ऑब्जेक्ट तयार करा: ती ओळ, तिची की, आणि तिचा सध्याचा क्रमांक. हे सॉर्टच्या आधी, एकदाच करायचं. तुलनेच्या फंक्शनच्या आत सेल वाचणं ही फार मोठी आणि फार नेहमीची चूक आहे. ५,००० ओळी सॉर्ट करताना साधारण ५५ ते ६० हजार तुलना होऊ शकतात आणि प्रत्येक तुलनेत दोन सेल वाचावे लागतात, म्हणजे लाखाहून जास्त वाचनं. आधी की काढून ठेवल्या तर ५,००० वाचनांत काम होतं.

मजकूर वाचताना ‘टेक्स्टकंटेंट’ वापरा. ‘इनरटेक्स्ट’ला काय दिसतंय आणि काय लपलंय हे पाहावं लागतं, त्यासाठी ब्राउझर लेआउटचा हिशेब करतो आणि मोठ्या टेबलवर ते जाणवतं.

ॲट्रिब्यूट असेल तर ते, नसेल तर मजकूर, हे लिहिताना दोन उभ्या रेघांचा ‘किंवा’ वापरू नका. ‘डेटा-सॉर्ट-व्हॅल्यू’ मुद्दाम रिकामं ठेवलेलं असेल तर ‘किंवा’ त्याला खोटं समजतो आणि मागचा मजकूर उचलतो. दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर फक्त नल किंवा अनडिफाइंड (म्हणजे किंमतच नाही) असतानाच पुढे जातो, इथे तोच हवा.

### संख्येची की

मजकुरातून संख्या काढताना क्रम असा ठेवा:

1. दोन्ही टोकांची रिकामी जागा ‘ट्रिम’ने काढा.
2. उरलं काहीच नाही, किंवा नुसती आडवी रेघ, किंवा ‘लागू नाही’ उरलं, तर की म्हणून नल द्या आणि थांबा.
3. देवनागरी आकडे असतील तर ते इंग्रजी आकड्यांत बदला. ‘नंबर’ आणि ‘पार्सफ्लोट’ दोघांनाही ‘१२’ कळत नाही, उत्तर ‘नॅन’ (म्हणजे ‘ही संख्या नाही’) येतं. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६ आहे आणि पुढचे आकडे ओळीने येतात, म्हणून अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक मिळतो.
4. छपाईतलं लांब वजाचिन्ह साध्या हायफनमध्ये बदला. दिसायला दोन्ही सारखी, पण लांब चिन्हाची संख्या होत नाही.
5. हजार-लाखाचे स्वल्पविराम, मधल्या रिकाम्या जागा, टक्क्याचं किंवा चलनाचं चिन्ह काढा.
6. शेवटी ‘नंबर’ लावा आणि ‘नंबर.इजफायनाइट’ने तपासा. नापास झालं तर नल द्या आणि कन्सोलवर तो मजकूर छापा.

दुसरी आणि सहावी पायरी गाळली की नेमकं काय होतं ते पाहा. ‘नंबर’ला रिकामी स्ट्रिंग दिली तर उत्तर शून्य येतं, म्हणजे ज्या सेलमध्ये माहितीच नाही तो ‘०’ असलेल्या सेलबरोबर जाऊन बसतो. ‘पार्सफ्लोट’ला इंग्रजी आकड्यांत ‘१,२५०’ दिलं तर तो स्वल्पविरामाला थांबतो आणि उत्तर १ येतं. चूक दाखवणारा एकही संदेश येत नाही, नुसता क्रम बिघडतो.

आकडे सोडून बाकी सगळं उडवून द्यायचा रेगेक्स (मजकुरातला नमुना शोधायचं सूत्र) बऱ्याच ठिकाणी दिसतो. तो कधीच वापरू नका. ‘१.५’ चे १५ होतात, ‘-५’ चे ५ होतात आणि ‘२०-३०’ चे थेट २०३०. काय काढायचं ते नावानिशी काढा; बाकी जे उरेल ते सहाव्या पायरीत अडकलंच पाहिजे. स्वल्पविरामाबद्दलही एक खबरदारी घ्या: काही भाषांत तो दशांशचिन्ह म्हणून वापरतात. डेटा कुठून येतो हे माहीत असल्याशिवाय पाचवी पायरी लावू नका.

ओळख क्रमांक संख्या नसतात. ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक जावास्क्रिप्टच्या साध्या संख्येत नेमके मावत नाहीत; दोन वेगळे क्रमांक एकसारखे ठरू शकतात. सुरुवातीची शून्यंही गळून पडतात. अशा कॉलमचा प्रकार मजकूरच ठेवा.

### तारखेची की

चार अंकी वर्ष, दोन अंकी महिना, दोन अंकी दिवस अशी स्ट्रिंग असेल तर तारीख बनवायची गरजच नाही. लांबी ठरलेली असते आणि मोठा घटक आधी येतो, त्यामुळे नुसत्या ‘पेक्षा लहान’ चिन्हाने तुलना बरोबर होते. पण महिना आणि दिवस दोन अंकीच हवेत. ‘२०२४-३-५’ लिहिलं की तो ‘२०२४-११-०१’ च्या नंतर जातो.

‘०५/०३/२०२४’ अशी स्ट्रिंग ‘डेट’ला कधीही थेट देऊ नका. आयएसओ पद्धत सोडून इतर लिखाणाचं काय करायचं हे ज्याच्या त्याच्या इंजिनवर सोडलेलं आहे. पाच मार्च की तीन मे, याची खात्री नाही. तिरप्या रेघेवर तुकडे करा आणि वरची स्ट्रिंग स्वतः जुळवा. ‘डेट’ वापरायचीच असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. महिने शून्यापासून मोजले जातात, म्हणजे ३ दिले की एप्रिल. आणि ३१ फेब्रुवारीसारखी अशक्य तारीख नाकारली जात नाही, गुपचूप मार्चमध्ये सरकते.

### आकार, कालावधी, आवृत्ती

आकारासाठी आकडा आणि एकक वेगळं करून गुणाकार करा. एक केबी म्हणजे १,००० की १,०२४ हे एकदा ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. कालावधीचे तुकडे कोलनवर (:) पाडा आणि डावीकडून सुरू करून दरवेळी आधीच्या उत्तराला ६० ने गुणून पुढचा तुकडा मिळवत जा. ‘५:३०’ आणि ‘१:०५:३०’ दोन्हींना तेच चालतं. आवृत्तीचं पुढच्या पायरीत.

थांबा आणि पाहा: की काढून झाल्या की सॉर्ट करू नका. ‘कन्सोल.टेबल’ने की आणि मूळ मजकूर शेजारी-शेजारी छापा आणि डोळ्यांखालून घाला. संख्येच्या कॉलममध्ये नल कुठे आले, शून्य कुठे आले, एखादी की स्ट्रिंगच राहिली का, हे दोन मिनिटांत कळतं. पुढे क्रम चुकलेला दिसल्यावर तीच गोष्ट शोधायला दुपार जाते.

## पायरी ३: तुलनेचं फंक्शन

सॉर्टला फंक्शन दिलंच नाही तर तो प्रत्येक घटकाची स्ट्रिंग करून अक्षरांच्या क्रमांकाने लावतो. म्हणून १०, १००, ९ असा क्रम येतो. संख्यांचा ॲरे असला तरी हेच होतं, हे विसरू नका.

तुलनेने ऋण, शून्य किंवा धन संख्या परत द्यायची. ‘पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा आहे का’ याचं खरं-खोटं परत देणं चुकीचं आहे: खऱ्याचा १ होतो, खोट्याचा ०, आणि ऋण कधी येतच नाही. पहिला लहान असला तरी इंजिनला ‘दोन्ही सारखे’ असं उत्तर मिळतं. छोट्या यादीवर कधीकधी हे चाललंय असं वाटतं, त्यावर विसंबू नका.

संख्यांसाठी वजाबाकी पुरेशी आहे, पण दोन्ही बाजू खऱ्या संख्या असतील तरच. एक जरी ‘नॅन’ आली तर उत्तर ‘नॅन’, आणि सॉर्ट त्याला शून्य समजतो. मग ‘नॅन’वाली ओळ सगळ्यांच्या बरोबरीची ठरते आणि तिच्या आजूबाजूच्या चांगल्या ओळीही चुकीच्या जागी अडकतात. मागच्या पायरीत एवढा काटेकोरपणा केला तो यासाठीच.

मजकुरासाठी ‘इंटल.कोलेटर’ एकदाच बाहेर तयार करा आणि त्याचं ‘कम्पेअर’ वापरत राहा. प्रत्येक तुलनेत ऑप्शन देऊन ‘लोकेलकम्पेअर’ बोलावणं मोठ्या यादीला बरंच महाग पडतं. कोलेटरला भाषेचा कोड स्पष्ट द्या. दिला नाही तर तो वाचणाऱ्याच्या ब्राउझरच्या भाषेने चालतो आणि एकच टेबल दोन जणांना दोन क्रमांनी दिसू शकतं.

कोलेटरच्या ‘न्यूमेरिक’ ऑप्शनला खरं दिलं की ‘फाइल २’ ही ‘फाइल १०’ च्या आधी येते, आणि ‘१.९.०’ ही ‘१.१०.०’ च्या आधी. आवृत्तीच्या कॉलमला बहुतेक वेळा एवढं पुरतं. पण हाच ऑप्शन संख्येच्या कॉलमला लावून मोकळं होऊ नका. तो फक्त सलग आकड्यांचे गट ओळखतो. वजाचिन्ह त्याला कळत नाही, आणि दशांशही नाही: ‘१.५’ आणि ‘१.२५’ यांत तो ५ आणि २५ यांची तुलना करतो आणि १.२५ ला मोठं ठरवतो.

### मराठी मजकूर असेल तर

युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे. मराठी वर्णमालेत तो ‘ह’ नंतर येतो. नुसत्या ‘पेक्षा लहान’ चिन्हाने तुलना केली तर ‘काळ’ हा ‘कावळा’च्या आधी लागतो, शब्दकोशाच्या क्रमात तो नंतर यायला हवा. म्हणून कोलेटरला मराठीचा कोड, म्हणजे एम आणि आर ही दोन अक्षरं द्या, आणि ‘सपोर्टेडलोकेल्सऑफ’ला विचारून खात्री करा की ब्राउझरकडे मराठी आहे. नंतर ‘कावळा, काळ, काल’ अशी छोटी यादी लावून क्रम डोळ्यांनी पाहा.

दिसायला सारखे पण आतून वेगळे असे शब्द हा दुसरा त्रास. ‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणून टाइप होतं, तसंच ‘अ’वर चंद्र देऊनही होतं. युनिकोडच्या लेखी ही दोन वेगळी आहेत आणि ‘नॉर्मलाइझ’ त्यांना एक करत नाही, तुम्हालाच बदलून घ्यावं लागतं. उलट ‘ऱ’ एकसंध असो वा ‘र’खाली नुक्ता देऊन, ‘नॉर्मलाइझ’ने एकच होतो. शब्दात घुसलेली शून्य रुंदीची रिकामी जागा ‘ट्रिम’ने जात नाही, ती वेगळी काढावी लागते. मात्र शून्य रुंदीचे जोडक सरसकट उडवू नका, ‘र्‍य’सारख्या अक्षरांना त्यांची गरज असते. बदल फक्त कीमध्ये करा, सेलमधल्या मजकुराला हात लावू नका.

## पायरी ४: तुम्ही ठरवलेला क्रम

प्राधान्य, स्थिती, आठवड्याचे वार, कपड्यांचे माप: या सगळ्यांना एकच उपाय. ‘मॅप’ बनवा आणि त्यात प्रत्येक किमतीला क्रमांक द्या: कमी १, मध्यम २, जास्त ३. की म्हणजे हा क्रमांक. पुढे ती साधी संख्येची तुलना होते.

क्रमांक शून्यापासून सुरू करून, न सापडलेल्या किमतीसाठी ‘किंवा ९९’ असं लिहिणं ही इथली हमखास चूक. शून्य खोटं धरलं जातं, म्हणून जी किंमत सर्वात आधी हवी तीच ९९ होऊन तळाला जाते. इथेही दोन प्रश्नचिन्हंच वापरा. मॅपऐवजी साधं ऑब्जेक्ट घेतलं तर त्याला वारशाने मिळालेली नावंही सापडतात. मॅपमध्ये तो धोका नाही.

मॅपमध्ये नसलेली किंमत आली तर तिला रिकाम्यासारखी शेवटी पाठवा, पण कन्सोलवर छापल्याशिवाय नाही. उद्या कोणी ‘तातडीचं’ असं नवं प्राधान्य घातलं तर ते तळाशी निमूटपणे पडून राहता कामा नये.

## पायरी ५: दिशा आणि रिकामे सेल

चढत्या क्रमाने सॉर्ट करून मग ‘रिव्हर्स’ मारणं सोपं वाटतं, पण त्याने दोन गोष्टी बिघडतात. शेवटी ठेवलेले रिकामे सेल वर येतात. आणि समान किमतीच्या ओळींचा आपसातला क्रमही उलटतो. ईएस २०१९ (जावास्क्रिप्टच्या मानकाची आवृत्ती) पासून सॉर्ट स्थिर असणं बंधनकारक आहे, म्हणजे समान ओळी आपला आधीचा क्रम राखतात. रिव्हर्सने तुम्ही तो हाताने मोडता.

दिशा म्हणजे १ किंवा -१, आणि तिने फक्त खऱ्या तुलनेला गुणायचं. फंक्शनचा सांगाडा असा:

- दोन्ही की नल: ० द्या
- फक्त पहिली नल: १ द्या
- फक्त दुसरी नल: -१ द्या
- दोन्ही आहेत: दिशा × तुलना

नलच्या तपासण्या गुणाकाराच्या आधी आहेत, म्हणून दिशा काहीही असली तरी रिकामे शेवटीच राहतात. हा क्रम बदलू नका.

मूळ क्रम परत आणायचा असेल तर पान उघडताच, पहिल्या सॉर्टच्या आधी, प्रत्येक ओळीचा क्रमांक एका मॅपमध्ये ठेवून द्या. सॉर्ट झाल्यावर नोंदवलेला क्रमांक मूळ नसतो.

## पायरी ६: ओळी नव्या क्रमाने बसवणं

सॉर्ट झालेला ॲरे घ्या, त्यातल्या ओळी क्रमाने एका ‘डॉक्युमेंटफ्रॅगमेंट’मध्ये जोडा आणि तो फ्रॅगमेंट एकदम टीबॉडीला जोडा. डॉममध्ये असलेली ओळ पुन्हा जोडली की तिची प्रत होत नाही, ती हलते. म्हणून आधी काढून टाकायची गरज नाही. ओळीवर बसवलेले क्लिक, सेलमधल्या खोक्यांत टाइप केलेला मजकूर, टिक केलेले चौकोन, सगळं तसंच राहतं.

‘इनरएचटीएमएल’ने टीबॉडी नव्याने लिहिली तर हे सगळं पुसलं जातं. ‘क्लोननोड’नेही ‘ॲडइव्हेंटलिसनर’ने बसवलेले क्लिक जातात. ‘सॉर्ट केल्यावर डिलीटचं बटन चालत नाही’ अशी तक्रार आली तर आधी इथे बघा.

ओळीखाली उघडणारी तपशिलाची ओळ असेल तर दोघी एकत्र हलल्या पाहिजेत. टेबलमध्ये टीबॉडी कितीही असू शकतात. अशा प्रत्येक जोडीला स्वतःची टीबॉडी द्या आणि ओळींऐवजी टीबॉडीच सॉर्ट करा.

एकाआड एक रंग क्लास लावून दिले असतील तर ते सॉर्टनंतर विस्कटतात. सीएसएसच्या ‘एनटीएच-चाइल्ड’ने दिले तर आपोआप जुळतात. अनुक्रमांक जागेवर ठेवायचा असेल तर तोही सीएसएस काउंटरकडे द्या.

## पायरी ७: हेडरची स्थिती

टीहेडवर एकच लिसनर बसवा. क्लिक आला की ‘क्लोजेस्ट’ने बटन शोधा, सापडलं नाही तर परत फिरा, सापडलं तर त्याचा टीएच, आणि टीएचचा ‘सेलइंडेक्स’.

सॉर्ट झालेल्या टीएचवर ‘आरिया-सॉर्ट’ची (aria-sort) किंमत ‘असेंडिंग’ किंवा ‘डिसेंडिंग’ ठेवा आणि बाकीच्या टीएचवरून ते ॲट्रिब्यूट काढून टाका. ते टीएचवर हवं, आतल्या बटनावर नाही. बाण याच ॲट्रिब्यूटवरून सीएसएसने दाखवा. बाण एका व्हेरिएबलवरून आणि सॉर्ट दुसऱ्यावरून असं झालं की कधीतरी दोघांची फारकत होते आणि बाण खोटं सांगतो. सध्याची दिशाही इथूनच वाचा.

## पायरी ८: एकाहून जास्त कॉलम

आधी प्राधान्याने, त्यात तारखेने, असा क्रम हवा असेल तर सॉर्ट दोनदा करू नका. कॉलम आणि दिशा यांच्या जोड्यांची यादी ठेवा. तुलनेत पहिल्या जोडीपासून सुरुवात करा; उत्तर शून्य आलं तरच पुढची जोडी बघा. सगळ्या जोड्या शून्य आल्या तर शून्यच द्या, स्थिर सॉर्ट पुढचं सांभाळतो. इथे प्रत्येक ओळीसाठी एक की नाही, कींचा ॲरे लागतो. तोही आधीच काढून ठेवायचा.

दुसरा कॉलम जोडायला शिफ्ट दाबून क्लिक ही रूढ पद्धत आहे, पण टचस्क्रीनवर शिफ्ट नसतो. प्रत्येक कॉलमला एक ठरलेला दुय्यम कॉलम नेमून दिला तर बहुतेक टेबलांचं काम त्यातच होतं, आणि वाचणाऱ्याला काही शिकावं लागत नाही.

## चालू करण्याआधीची परीक्षा

चाचणीसाठी मुद्दाम वाकडा डेटा घ्या. प्रत्येक प्रकारच्या कॉलमला किमान हे सेल हवेत: दोन रिकामे, एक नुसती रेघ, एक शून्य, एक ऋण, एक स्वल्पविरामाची मोठी संख्या, एक दशांश, दोन अगदी सारखे, आणि एक निरर्थक मजकूर. मग पाहा:

- चढत्या आणि उतरत्या दोन्ही क्रमांत रिकामे तळाशीच आहेत का, आणि शून्य त्यांच्यात मिसळलेलं नाही ना.
- दोन सारख्या ओळींचा आपसातला क्रम दिशा बदलल्यावर तोच राहतो का.
- कोणत्याही दोन कींची अदलाबदल करून तुलना केली तर उत्तराचं चिन्ह उलटतं का. स्वतःशी तुलना केल्यावर शून्य येतं का. यातलं एक जरी चुकलं तर सॉर्टचा निकाल इंजिनच्या मर्जीवर जातो.
- एका सेलमध्ये काही टाइप करून सॉर्ट केलं तर तो मजकूर त्याच ओळीबरोबर जातो का.
- माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅब आणि एंटरने सॉर्ट होतं का, आणि सॉर्टनंतर फोकस त्याच बटनावर राहतो का. बटन टीहेडमध्ये असल्यामुळे राहायला हवा. हरवत असेल तर कुठेतरी हेडरही नव्याने लिहिला जातोय.

मोठ्या टेबलवर वेळ मोजायचा असेल तर ‘कन्सोल.टाइम’ तीन ठिकाणी वेगवेगळा लावा: की काढणं, सॉर्ट, ओळी बसवणं. काही हजार ओळींच्या टेबलवर वेळ बहुतेक तिसऱ्या भागात जातो, कारण हललेल्या ओळींचा लेआउट ब्राउझरला पुन्हा करावा लागतो. तिथे तुलनेचं फंक्शन कितीही घासूनपुसून फरक पडत नाही. एका वेळी दाखवायच्या ओळी कमी करा. मग पानं पाडाल तेव्हा सॉर्ट सगळ्या ओळींवर आणि पानं त्यानंतर, हाच क्रम ठेवा.